कामट्यांची फ्लाय रॉड: गोव्याच्या दमट हवेत घडवायची, ट्राउटच्या नदीवर न्यायची

एका रॉडला, म्हणजे मासे गरवायच्या काठीला, अठरा कामट्या लागतात. मुठीकडच्या तुकड्याला, म्हणजे बटला, सहा. टोकाकडच्या टिपला सहा. टिप कधी ना कधी मोडतेच, म्हणून जोडीच्या दुसऱ्या टिपला आणखी सहा. प्रत्येक कामटी ६० अंशांच्या समभुज त्रिकोणात रंधायची, बांबूची पाठ, म्हणजे सालीकडची बाजू, बाहेर ठेवून सहा कामट्या एकमेकींना चिकटवायच्या, की भरीव षटकोनी काठी तयार होते. सांगायला एवढेच आहे. करायला साधारण ६० ते ८० तास लागतात, आणि पहिल्या रॉडला त्याच्या दुप्पट धरा.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, तो गोव्यात नाही. इथे गरवायला बसणाऱ्याच्या डोक्यात शेवटो, तांबोशी नाहीतर चणक असतो, आणि त्यांच्यासाठी ही रॉड नव्हे. ती इथे घडवून हिमाचलात, काश्मिरात किंवा मुन्नारला न्यायची. रॉड घडवण्याच्या पद्धती बहुतेक थंड, कोरड्या देशांत बसल्या, म्हणून त्या जशाच्या तशा उचलल्या की गोव्यात फसतात. त्याचे कारण ओल. खाली जागोजाग जास्तीची खबरदारी सांगितली आहे, ती बहुतेक ओलीपायीच.

आधी नदी ठरवा

रॉडची लांबी, लाइनचा नंबर आणि जाडीचा उतार हे तिन्ही पाण्यावर ठरते. फ्लाय म्हणजे गळाला पिसे-दोरे बांधून केलेली बनावट माशी. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसते, लाइनला असते. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन ४ नंबरला १२० ग्रेन (७.८ ग्रॅम), ५ नंबरला १४० (९.१ ग्रॅम) आणि ६ नंबरला १६० (१०.४ ग्रॅम). एवढे वजन हवेत झेलून पुढे फेकताना रॉड नेमकी कुठे वाकावी, याचा विचार म्हणजे डिझाइन.

तीर्थन खोऱ्याच्या वरच्या भागात पाणी दगडांमधून उड्या घेत उतरते. दोन शिळांच्या मध्ये टेबलाएवढा शांत तुकडा सापडतो, त्यात फ्लाय टाकायची. फेक १५ ते २५ फुटांची, डोक्यावर झाडे. इथे ७ फूट, ४ नंबर. टिप चपळ हवी, कारण बाहेर लाइन थोडीच असते आणि तेवढ्याशा वजनाने रॉड वाकली पाहिजे. बरोटजवळची उहल किंवा रोहडूकडची पब्बर जरा मोकळी आहे. तिथे ७ फूट ६ इंच, ५ नंबर. पहिल्यांदाच बनवत असाल तर हीच बनवा, कारण तीर्थनवरही ती चालून जाते. पहलगामच्या लिद्दरला बर्फ वितळू लागले की पाणी जोराचे आणि रुंद होते, वजनदार निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, खोल उतरवावी लागते. तिथे ८ फूट, ६ नंबर. मुन्नार आणि निलगिरीत रेनबो ट्राउट आहे. तळ्यावर उभे राहून लांब फेकायचे तर ८ फुटी, ओहोळावर ७ फुटी.

साडेआठ फुटांच्या पुढे बांबूत जाऊ नका. ७ फूट ६ इंचाची रॉड साधारण ११५ ग्रॅम भरते. ८ फुटांची १३५च्या आसपास जाते, आणि वाढलेले वजन टोकाकडे असल्यामुळे संध्याकाळी मनगट बोलू लागते.

जाडीचा तक्ता

या कामात माप इंचाच्या हजाराव्या भागात, लेथवाल्यांच्या भाषेत थाऊमध्ये, आणि दर पाच इंचांवर घेतात. ७ फूट ६ इंच, दोन तुकडे, ५ नंबर यासाठी सुरुवातीला हा उतार धरा. आकडे षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधल्या जाडीचे आहेत, व्हार्निश सोडून.

टोकापासून ० इंचावर ७४ थाऊ, ५ वर ९०, १० वर १०६, १५ वर १२२, २० वर १३७, २५ वर १५२, ३० वर १६६, ३५ वर १८०, ४० वर १९४, ४५ वर २०८ (इथे जोड), ५० वर २२२, ५५ वर २३६, ६० वर २५०, ६५ वर २६४, ७० वर २७८, ७५ वर २९२, आणि ८० पासून पुढे मुठीखाली ३००.

कामटीची उंची याच्या निम्मी. टोकाला ३७ थाऊ, मुठीजवळ १५०. ७ फूट, ४ नंबरसाठी टोक ६७ वर आणा आणि बाकी सगळीकडून ८ ते १० थाऊ कमी करा. ८ फूट, ६ नंबरसाठी टोक ८० आणि मधला भाग १० ते १२ थाऊने भरदार.

एवढ्या बारीक मापांचा आग्रह कशाला? काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ७० थाऊची टिप ७२ झाली तर ती जवळपास १२ टक्के ताठ होते. दोन थाऊ म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही कमी. त्यामुळे टिपवर एका थाऊचीच चूक माफ करायची. बटला दोन थाऊ चालतील.

बांबू

जगभर वापरतात तो टोंकिन बांबू चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. त्याच्या पाठीलगतचे दाट तंतू जाड थरात असतात, गाठी बुटक्या आणि पेरे लांब. १२ फुटी, सव्वादोन इंच व्यासाचा एक बांबू एका रॉडला पुरतो. परदेशातून मागवायचा तर वनस्पती क्वारंटाइनची कागदपत्रे आधी विचारून घ्या. माल बंदरात अडकून पडला तर त्याला तिथेच बुरशी येते.

टोंकिन येण्याआधी, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये रॉड बनत त्या ‘कलकत्ता केन’च्या. तो आपला भरीव बांबू, मानवेल, शास्त्रीय नावाने डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. तेव्हा देशी बांबूची रॉड होतच नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. त्याच्या गाठी जवळजवळ आणि फुगीर असतात, म्हणून मेहनत दीडपट, हे मात्र खरे. पेडणे-सावंतवाडी पट्ट्यातला माणगा सरळ, बिनकाट्याचा आणि खाली जवळजवळ भरीव असतो. सरावासाठी तो उत्तम. कळक सोडून द्या. काटे, वाकडेपणा आणि मोठी पोकळी, तिन्ही आडवी येतात.

देशी बांबू घ्यायचा तर तीन वर्षांच्या पुढचा. कोवळ्यावर पांढरी भुकटी आणि पेरांना चिकटलेली पाने-साली असतात. जुन्यावर दगडफुलासारखे करडे ठिपके येतात आणि बोटाने टिचकी मारली तर आवाज टणक येतो. तोड पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूवर भुंगा येण्याची भीती असते आणि मग टेबलावर पिठासारखा भुसा पडलेला दिसतो. खाजगी बागायतीतला घ्या, जंगलात कोयती नेऊ नका. तोडल्यावर छपराखाली, जमिनीपासून वर, उभा ठेवून सहा महिने सुकू द्या.

विकत घेण्याआधी बुडख्याचा काप स्वच्छ तासून उन्हात बघा. पाठीलगत गडद ठिपक्यांचा दाट थर दिसेल, आत पोटाकडे ठिपके विरळ होत जातील. दाट थर निदान एक सूत, म्हणजे १२५ थाऊ, हवा. बटची कामटी १५० थाऊची असल्यामुळे आतले टोक थोडे विरळ भागात जाईल, ते चालते. थर अर्धा सूतच असेल तर त्या बांबूच्या फक्त टिपा करा.

फाडणे आणि गाठी

बांबू मध्ये कापून सहा-सहा फुटांचे दोन तुकडे करा. बुडख्याकडचा बटला, शेंड्याकडचा टिपांना. सव्वादोन इंच व्यासाचा परिघ सुमारे ५६ सूत. चोवीस कामट्या काढल्या तर प्रत्येकी दोन सुतांच्या थोड्या वर येते. रंधल्यावर बटच्या कामटीची पाठ १७३ थाऊ रुंद राहणार असल्याने एवढी जागा पुरते.

फाडताना कायम निम्मे-निम्मे करत जा. एका बाजूने बारीक कामटी ओढायला गेलात तर चीर बारीक बाजूकडे पळते. पळू लागलीच तर जाड बाजू हाताने जास्त वाकवा, चीर तिकडे परत येते. सूप-टोपल्या विणणाऱ्यांना हे हातानेच कळलेले असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांपैकी एखाद्या मावशींना कामटी कशी चालवतात ते दाखवायला सांगा. पाच मिनिटांत जे दिसते ते लिहून समजत नाही. हातमोजे घाला, बांबूच्या पाठीची कड ब्लेडसारखी कापते.

कामट्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने शेजारी-शेजारी लावा आणि पाठीवर मार्करने एक लांब तिरकी रेघ मारा. पुढे कितीही विस्कटल्या तरी रेघ जुळवली की क्रम मिळतो. आकडे पोटाकडे लिहू नका, पोट रंध्याखाली जाते.

आता गाठी एका ओळीत येऊ न देता सरकवा. सोपी रचना तीन-तीनची: एकाआड एक अशा तीन कामट्यांच्या गाठी एका जागी, उरलेल्या तिघींच्या त्यांच्या बरोबर मध्ये. टिपच्या शेवटच्या चार इंचांत आणि जोडाच्या जागी गाठ येता कामा नये. एवढे सांभाळून कामट्या ४८ इंचांवर कापा. दोन्ही टोकांना दीड-दीड इंच जास्तीचे राहते, ते शेवटी छाटायचे.

गाठीचे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि रॉड मोडते तीही बहुधा गाठीवरच. आतला पडदा पटाशीने काढा. बाहेरचा उंचवटा कानशीने पाठीच्या पातळीपर्यंतच आणा. पाठीखालचे तंतू गाठीवर वर येऊन पुन्हा खाली जातात, कानस खोल गेली की नेमके तेच तुटतात. मग हीट गनने गाठ दोन्ही बाजूंनी तापवा. तापता तापता कामटीचा ताठपणा एकदम सुटतो, हाताला लोण्यासारखी वाटते, तो क्षण ओळखायला शिका. रंग बदलू लागला तर उशीर झाला. लगेच वाईसच्या गुळगुळीत जबड्यांत आडवी दाबा म्हणजे बाजूचा वाकडेपणा जाईल, पुन्हा तापवा आणि पाठ-पोट दाबा म्हणजे उंचवटा बसेल. प्रत्येक दाब मिनिटभर, गार होईपर्यंत. गरम असताना सोडली तर कामटी जुनी सवय आठवून परत वाकते.

पहिले रंधकाम

सागवानाच्या पट्टीत ६० अंशांची खाच पाडून कच्चा साचा करा. कामटीची पाठ खाचेच्या एका बाजूला टेकवायची, वर येईल ती कड रंधायची, दोन-तीन हात मारून उलटायची. पाठीला रंधा कधीच लावायचा नाही. पोटाकडच्या दोन बाजूच खाली आणायच्या. रंधा जरासा कलला तर कोन ५८-६२ होतो, आणि सहा कामट्या जुळवल्यावर आत फट राहते. तपासायला लेथवर आटे कापताना वापरतात तो सेंटर गेज घ्या. त्याची खाच ६० अंशांचीच असते. कामटी त्यात धरून उजेडाकडे बघा. उजेड कुठून झिरपतो ते पाहून हात सुधारा.

लहान ब्लॉक रंधा पुरतो. पात्याला २५ अंशांची नेहमीची धार बांबूवर टिकत नाही, ३० ते ३५ अंशांची लावा. बांबूत सिलिका असते, त्यामुळे दर दोन-तीन कामट्यांनंतर पाते दगडावर फिरवावे लागते. बोथट पात्याने गाठीजवळचे तंतू उचकटतात आणि कामटी वाया जाते. जास्तीच्या कामट्या काढल्या त्या याचसाठी.

शेवटच्या मापापेक्षा ३० ते ४० थाऊ जाड ठेवून थांबा.

भट्टी आणि ओल

सहा-सहा कामट्या सुती दोऱ्याने घट्ट गुंडाळा, पाठ बाहेर. भट्टी घरीच होते. तीन इंची पत्र्याचा पाइप पाच फूट लांब, त्याभोवती सहा इंची दुसरा पाइप, वर ग्लासवूल. हॉटेलांच्या एसीचे डक्ट बनवणारे हे दोन्ही तासाभरात वळून देतात. आतल्या पाइपच्या एका टोकातून १८०० वॉटची हीट गन सोडा. गरम हवा दुसऱ्या टोकाला वळून बाहेरच्या पाइपमधून परत येते. दोन्ही टोकांना थर्मामीटर खोचा, फरक ५ अंशांच्या आत आल्याशिवाय कामट्या आत ठेवू नका.

१७५ ते १८० अंश सेल्सिअस, बटला १२ मिनिटे, टिपला ९-१०, अर्ध्या वेळात टोके उलटी करायची. उष्णतेने पाणी निघून जाते, आणि तंतूंचा चिवटपणा वाढून काठी वाकल्यावर सरळ परतते. जास्त भाजली तर उलटे होते. आधी एक टाकाऊ कामटी बरोबर भाजा, गार झाल्यावर वाकवून मोडा. लांब झिरमिळ्या सुटून मोडली तर बरोबर, खडूसारखी टचकन तुटली तर वेळ कमी करा.

भट्टीतून निघालेली कामटी हवेतली ओल पुन्हा ओढून घेते. पावसाळ्यात इथली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते, आणि तेव्हा कामट्या उघड्यावर रात्रभर राहिल्या तर भट्टीचा निम्मा फायदा गेलाच समजा. वर ओलसर बांबू फुगलेला असताना माप बरोबर येते आणि कुलूला पोचल्यावर तो आकसतो. म्हणून सोनारी काट्यावर, ०.१ ग्रॅमचा, गठ्ठ्याचे वजन तीनदा करा: भट्टीआधी, भट्टीतून काढून गार झाल्यावर, आणि पुन्हा कामाला घेताना. कोरड्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त वाढ दिसली तर १०० अंशांवर अर्धा तास फिरवून घ्या. रंधकाम पुरे झाल्यावरही कोरडे वजन नव्याने नोंदवा, चिकटवण्याआधी ते लागते. मधल्या काळात कामट्या दोन्ही बाजूंनी झाकण असलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत. जेलचा निळा किंवा नारिंगी रंग उतरला की कढईत भाजून पुन्हा वापरता येते.

वर्षाची आखणीच अशी करा: भट्टी, शेवटचे रंधकाम, चिकटवणे आणि व्हार्निश नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. जून ते सप्टेंबर कॉर्क, फॉर्मची (शेवटच्या रंधकामाच्या पोलादी साच्याची) दुरुस्ती, पात्यांच्या धारा.

फॉर्म आणि शेवटचे रंधकाम

ज्यावर अचूकता अवलंबून आहे ती वस्तू म्हणजे पोलादी फॉर्म. पाऊण इंच चौरस ब्राइट बारच्या पाच फुटी दोन पट्ट्या शेजारी-शेजारी, आतल्या कडांना प्रत्येकी ३० अंशांचा उतार, म्हणजे मिळून ६० अंशांची खाच. एका बाजूला टिपची उथळ खाच, उलट बाजूला बटची खोल. दर पाच इंचांवर एक ॲलन बोल्ट पट्ट्या जवळ ओढणारा आणि एक ग्रब स्क्रू दूर ढकलणारा. हे दोन फिरवून खाच रुंद-अरुंद होते आणि तिची खोली बदलते. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत मिलिंग मशीन असलेले वर्कशॉप हे करून देते. भोके दोन्ही पट्ट्या क्लॅम्पने आवळून एकत्रच पाडायला सांगा, वेगवेगळी पाडली तर पट्ट्या वर-खाली बसतात. खाऱ्या हवेत फॉर्म आठवड्यात गंजतो, काम झाले की मशीन ऑइलचा हात फिरवून कापडात गुंडाळा. वापरण्याआधी तेल पूर्ण पुसा, तेल लागलेल्या बांबूवर गोंद धरत नाही.

खोली मोजायला ६० अंशांच्या टोकाचा डायल गेज. सपाट काचेवर शून्य करा, मग प्रत्येक ठिकाणी तक्त्याच्या निम्मा आकडा लावा. एक बोल्ट फिरवला की शेजारचे दोन हलतात, म्हणून पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत तीनदा फेरी मारावी लागते. गेजवर पूर्ण विश्वास ठेवू नका. त्याचे टोक झिजून बोथट झालेले असेल तर खाच आहे त्यापेक्षा उथळ दाखवते. एक टाकाऊ कामटी रंधून मायक्रोमीटरने मोजा आणि फरक सगळीकडे वजा करा.

रंधायला घेण्याआधी पाठीवरची काचेसारखी साल स्क्रेपरने हलकेच खरवडा, एक-दोन थाऊ, बस. साल तशीच राहिली तर मापात ती धरली जाते आणि नंतर घासताना निघून जाते. बुडख्याकडून टोकाकडे रंधा, ढलपी सुरुवातीला तीन थाऊ, शेवटी एक. चांगली ढलपी चार फूट अखंड निघते आणि तिच्यातून वर्तमानपत्र वाचता येते. रंध्याचा तळ पोलादाला टेकू लागला की थांबा, उरलेले स्क्रेपरने. सहा कामट्या झाल्या की रबर बँडने गोळा करून तिन्ही जोड्या मोजा. तीन मापांत एका थाऊहून जास्त फरक आला तर कुठली कामटी जाड आहे ते शोधून तिलाच परत खाचेत घाला.

चिकटवणे

मंद गतीचा इपॉक्सी घ्या, अरलडाइटचा नेहमीचा, पाच मिनिटांतला नव्हे. पांढरा लाकडाचा गोंद सोपा, पण उन्हात उभ्या गाडीत रॉड राहिली की मऊ पडून काठी वाकडी बसते. गोव्याच्या उन्हात हा धोका खराच आहे. सकाळी लवकर, पंख्याखाली करा. दुपारी इपॉक्सी अर्ध्या वेळेतच ओढू लागतो.

कामट्या क्रमाने पाठ खाली घालून मास्किंग टेपवर शेजारी लावा, टूथब्रशने पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ थर, मग वळकटी करून टेप बंद. लगेच दोरा गुंडाळायचा. गुंडाळणारे यंत्र असेल तर बटला साधारण एक किलोचा ताण, टिपला निम्मा. दोरा एका दिशेने गेला की काठीला पीळ बसतो, म्हणून दुसरी फेरी उलट दिशेने. मग काचेवर ठेवून सपाट फळीने लाटा, डोळ्याला लावून एका कडेची रेघ शेवटपर्यंत सरळ दिसते का बघा. पीळ आत्ताच निघतो. उद्या नाही. खाली किलोभर वजन बांधून कोरड्या कपाटात उभी टांगा, आत ६० वॉटचा बल्ब. आठवडाभर हात लावू नका.

दोरा काढल्यावर गोंद सपाट ठोकळ्याला लावलेल्या ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. ठोकळ्याशिवाय घासले तर कडा गोल होतात. राहिलेला बाक हीट गनच्या हलक्या आचेवर काढा. जास्त तापवले तर गोंदाची रेघ उघडते आणि टिचकी मारल्यावर आवाज फाटका येतो.

जोड

दोन तुकड्यांना जोडणारी नळी, फेरूल, जर्मन सिल्व्हरची घ्या, पितळेची नको. तिचा नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागांत असतो. आपल्या रॉडला १३ नंबर, म्हणजे २०३ थाऊ. जोडाच्या जागी काठी २०८ असल्यामुळे लेथवर षटकोनाचे कोपरे उडतात आणि सपाट बाजूंवरून जेमतेम अडीच थाऊ जातात. दाट तंतू शाबूत राहतात. याहून लहान फेरूल बसवायचा मोह टाळा, काठी तिथेच मोडेल.

फेरूल बांबूवर बसवायचा दिवस कोरडा निवडा आणि काठी आदल्या रात्री बल्बच्या कपाटात ठेवा. फुगलेल्या बांबूवर घट्ट बसलेली फेरूल पहाडातल्या कोरड्या हवेत आतून सैल होते आणि प्रत्येक फेकीला ‘टिक’ असा आवाज देते. नर-मादीचा मेळ २००० नंबरच्या पेपरने, दोन-दोन फेऱ्या घासून, पुसून, घालून बघत. ओढल्यावर ‘पॉक’ असा आवाज आला की थांबा. एकदा सैल झालेली घट्ट करता येत नाही.

मूठ, गाइड, व्हार्निश

मुठीला अर्धा इंच जाडीचे १३ कॉर्कचे वेढे. कॉर्क बहुतेक पोर्तुगालमधूनच येतो, गोव्यात ही गंमत वेगळी सांगायला नको. वाइनच्या बाटल्यांची बुचे जमवून मूठ करू नका. लेथवर आकार देताना भोके उघडी पडतात.

गाइड, म्हणजे लाइन ज्यातून जाते त्या कड्या, टोकापासून या अंतरांवर: ४॥, ९॥, १५, २१, २७॥, ३४॥, ४२, ५१ आणि ६१ इंच. शेवटचा मोठ्या कडीचा. गाइडचे पाय कानशीने कागदासारखे पातळ करा, नाहीतर दोरा पायाच्या टोकावर चढताना फट सोडतो. दोरा बारीक रेशमी. व्हार्निशखाली रेशीम पारदर्शक होते आणि रंग गडद होतो, म्हणून आधी टाकाऊ काठीवर गुंडाळून बघा.

व्हार्निश मरीन, बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. दीड इंची पीव्हीसी पाइप उभा करून त्यात भरा, काठी बुडवून मिनिटाला तीन-चार इंच या गतीने वर ओढा. वेगाने ओढली तर ओघळ येतात. तीन हात, मध्ये दोन-दोन दिवस आणि १५०० नंबरचा पेपर. आर्द्रता ७० च्या वर असेल त्या दिवशी व्हार्निशचा डबा उघडू नका. थरावर दुधट झाक येते आणि ती घासूनच काढावी लागते.

पहिली फेक मोकळ्या मैदानावर, गवतावर, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. ३० फूट लाइन बाहेर असताना वाक टोकापासून मध्यापर्यंत सलग यायला हवा. एका जागी कोपरा दिसला तर तिथे माप चुकले आहे. रॉड सगळीकडे मऊ वाटली तर ४ नंबरची लाइन लावून बघा, बहुतेकदा तिथेच जमते. मांडवीवर सरावाला नेलीच तर फेरूल आणि गाइड गोड्या पाण्याने धुवा, आणि चणक लागेल तिथे ही काठी नेऊच नका.

प्रवासाला चार फुटी पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना फोम. हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, बाकी काळात मत्स्य विभागाचा परवाना लागतो. परत आल्यावर रॉड पूर्ण सुकवूनच कापडी पिशवीत आणि मग पाइपमध्ये घाला, आणि मे संपायच्या आत फेरूलच्या जोडांवरचे व्हार्निश एकदा भिंगाखाली बघून घ्या. केसाएवढी भेग असली तरी जूनमध्ये ओल तिथूनच आत शिरते.